थार आणि तबकडी: .३०८ साठी एकच गोळी कोणती?

मुलुंडकर, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: क्राइस्टचर्चला मेहुण्याकडे जाताय, त्याची .३०८ कॅलिबरची टिक्का रायफल आहे, घरात १६८ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) मॅच, म्हणजे नेमबाजी स्पर्धेच्या गोळ्यांचे डबे पडलेत. ६०० मीटरवरच्या पोलादी तबकडीला आणि डोंगरातल्या थारला (रानबकरीच्या जातीचं जनावर) त्याच गोळ्या चालतील का, की १७५ च्या घ्याव्यात?

आधी उत्तर, मग पाल्हाळ. मॅचची गोळी थारवर मारू नका, मग ती १६८ असो की १७५. आणि तबकडीला एक, शिकारीला दुसरी अशा दोन गोळ्यांच्या फंदातही पडू नका. शिकारीची एकच गोळी निवडा आणि तबकडीसुद्धा तिनेच वाजवा. या चर्चेत तुम्हाला बहुतेकांनी नेमकं उलटं सांगितलंय, म्हणजे मॅचची गोळी जास्त अचूक, तर तीच दोन्हीकडे वापरा. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मॅचची गोळी हातात घेऊन तिचं टोक उजेडात धरा. बारीकसं भोक दिसेल. ते पाहून ‘हॉलो पॉइंट आहे, म्हणजे जनावराच्या अंगात फुलणार’ अशी पुष्कळांची समजूत होते. ते भोक फुलण्यासाठी ठेवलेलंच नसतं. तांब्याच्या मिश्रधातूची वाटी घेतात, पुढच्या बाजूने आत शिसं बसवतात आणि शेवटी टोक आवळतात. पूर्ण बंद होत नाही तेवढी जागा उरते, ते हे भोक. यात फायदा बुडाचा होतो. जॅकेट बुडाकडे अखंड राहतं, आणि गोळी नळीतून सुटताना मागचे वायू त्या बुडाभोवतूनच बाहेर पडतात. बूड एका बाजूला जरा जरी तिरकं असेल तरी गोळी सुटतानाच कलते. टोकाला थोडं खरचटलेलं त्या मानाने चालून जातं.

कागदाला किंवा पोलादाला एवढं पुरतं. जनावराच्या अंगात मात्र तीच गोळी कधी टोक बंदच ठेवून सळईसारखी आरपार जाते आणि जखमी जनावर दोन दऱ्या ओलांडून पळतं. कधी खांद्याच्या हाडावर तिचं पातळ जॅकेट फाटून वरच्यावर चुरा होतो. एकाच डब्यातल्या दोन गोळ्या असं वेगवेगळं वागू शकतात, खरी अडचण ती आहे. मॅचकिंग ही सिएरा कंपनीची मॅच गोळी; ती शिकारीला वापरू नका असं कंपनी स्वतःच सांगते. बर्जरच्या पातळ जॅकेटच्या गोळ्यांनी शिकार करणारे लोक आहेत, कंपनी त्यासाठी वेगळी मालिकाही विकते, पण ते बरगड्यांमागचा नेम गृहीत धरून. थार कड्यावर तिरका उभा असताना बरगड्याच समोर येतील याची हमी कोण देणार?

आता १६८ की १७५. सिएराची १६८ मुळात ३०० मीटरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी घडवलेली. तिचा मागचा निमुळता भाग जरा जास्तच उतरता आहे, साधारण १३ अंशांचा, त्यामुळे वेग ध्वनीच्या जवळ उतरला की ती डगमगू लागते. हे ८०० ते १००० यार्डांच्या दरम्यान होतं. १७५ चा उतार सौम्य आहे, म्हणून ती १००० यार्डांपर्यंत सरळ राहते; अमेरिकी सैन्याच्या एम११८एलआर काडतुसात तीच बसवलेली असते. तुमची तबकडी ६०० मीटरवर आहे. तिथे दोन्ही ठणठणीत चालतात, त्यामुळे हा वाद तुमच्यापुरता निकालात निघाला.

वाऱ्याचंही तसंच. ताशी १० मैलांचा आडवा वारा .३०८ ची गोळी ६०० यार्डांवर अडीच फुटांच्या आसपास सरकवतो, म्हणजे मैलामागे तीन इंच. १६८ आणि १७५ मधला फरक त्यातल्या दोन-चार इंचांचा. वारा ओळखण्यात तुमचा अंदाज दोन-तीन मैलांनी हुकणार, तो याहून महाग पडतो. वरळीच्या रेंजवर दुपारी खारा वारा सुटला की ५० मीटरवर .२२ चं काय होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. तिथलं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आहे, आणि तेवढ्या वाऱ्याने चांगल्या-चांगल्यांचं दहा नऊवर येतं. स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटरवर कांस्य आणलं, त्यातही वारा वाचण्याचा वाटा मोठा. थोडक्यात, गोळी बदलून वारा कमी होत नाही.

शिकारीच्या गोळीकडून अपेक्षा वेगळी. तिचं खरं काम कातड्याच्या आत सुरू होतं: पुढचा भाग फुलायला हवा, मागचा भाग वजन राखून खोल जायला हवा. साधी शिसं-जॅकेटची गोळी मध्यम वेगाला उत्तम, पण जवळून हाडावर बसली की शिसं आणि जॅकेट वेगळे होतात. १९४६ मध्ये कॅनडात मूसवर (हे अवाढव्य हरीण) गोळ्या अशाच निकामी ठरल्या, म्हणून जॉन नोस्लरने जॅकेटमध्ये मधोमध आडवी भिंत घातली आणि १९४८ पासून ती गोळी पार्टिशन नावाने विकायला लागला. नामिबियात एका शेतावर कुडूच्या (हे आफ्रिकेतलं मोठं हरीणवर्गी जनावर) पलीकडच्या खांद्याच्या कातडीखालून काढलेली पार्टिशन मी हातात घेऊन पाहिली आहे. पुढचं शिसं जवळपास सगळं गेलेलं, जॅकेटच्या पाकळ्या मागे वळून बाजूला चिकटलेल्या, आणि भिंतीमागचा अर्धा भाग जसाच्या तसा, अगदी रायफलिंगच्या आट्यांचे, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचांचे ओरखडेसुद्धा मोजता येतील असा. (नामिबियात कुडूला नळीच्या तोंडाशी किमान २७०० ज्यूल ऊर्जा कायद्यानेच लागते. .३०८ ची साधारण ३५०० असते, म्हणजे चिंता नाही.)

पार्टिशननंतर बाँडेड गोळ्या आल्या, त्यांत शिसं जॅकेटला सांधलेलं असतं. आणि मग बार्न्स कंपनीसारख्या निव्वळ तांब्याच्या. तांब्याची गोळी वजन जवळपास सगळं राखते आणि मांसात शिशाचे कण राहत नाहीत. मेहुणा ते मांस घरी पोराबाळांना खाऊ घालणार असेल तर हा मुद्दा हलका घेऊ नका. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद आहे, तीही मुख्यतः मेलेलं जनावर खाणाऱ्या काँडोर गिधाडांपायी.

तांब्याची एक खोड लक्षात ठेवा. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला स्थिर राहायला जास्त फिरकी लागते. टिक्काच्या .३०८ नळीचा आटा ११ इंचांत एक फेरा देतो. शिशाची १६५ किंवा १७८ तिथे आरामात बसते. तांब्यात वजनाच्या मागे न लागता १५० ग्रेनवर थांबा. वजन टिकणारच आहे, वर वेगही जास्त मिळतो.

अंतराचा निर्णय मात्र वेगावरून घ्या. बहुतेक शिकारी गोळ्या फुलायला १८०० फूट प्रतिसेकंदाच्या आसपास वेग लागतो, काहींना थोडा कमी पुरतो. नेमका आकडा कंपनीच्या तक्त्यात असतो. .३०८ मधून सुटलेली गोळी हा वेग साधारण ४०० ते ५०० यार्डांवर गमावते. त्यापुढे नेम बसला तरी गोळी फुलेलच असं नाही. म्हणजे ६०० मीटरची तबकडी रोज वाजवणाऱ्यानेही त्या अंतरावर जनावराला हात लावू नये, आणि पहिल्याच खेपेला तर २५० मीटरच्या पुढे नकोच.

तुमच्या जागी मी बाँडेड १६५ ग्रेन घेईन, मांस घरात जाणार असेल तर तांब्याची १५०. तबकडीवर ती चालेल का? चांगल्या शिकारी गोळीचा गट एक मिनिट कोनात (एका अंशाच्या साठाव्या भागात) बसला तर ६०० मीटरवर तो सातेक इंच होतो. फूटभर तबकडीला पुरेसा आहे. वर महत्त्वाचं म्हणजे जी गोळी जनावरावर मारणार तिचाच मार, तिचाच वारा हाताला बसतो. १६८ वर शून्य जुळवून (म्हणजे नेम त्या गोळीला लावून) शिकारीच्या सकाळी डबा बदलला तर १०० मीटरवरच गोळी लागायची जागा दोन-तीन इंच इकडेतिकडे जाऊ शकतो.

दोन-तीन कंपन्यांचे एकेक डबे घेऊन रायफलीला कोणती मानवते ते पाहा; .२२ चे लॉट (एका खेपेत बनलेली काडतुसं) तपासतो तसंच. डोंगरात गेल्यावर परत एकदा शून्य तपासा. २००० मीटर उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण एक पंचमांशाने विरळ, लांबवर गोळी वर लागते.

कायद्याचं थोडं. तिथे परवानाधारक मेहुणा शेजारी उभा राहून लक्ष ठेवत असेल तर तुम्हाला वेगळा परवाना लागत नाही. एकट्याने रायफल घेऊन फिरायचं असेल तर पोलिसांकडून पाहुण्यांचा परवाना काढा. येताना आठवण म्हणून काडतुसाची पुंगळीसुद्धा बॅगेत टाकू नका, सहारला विमानतळाच्या स्कॅनरवर दिसली की पुढचं विमान आणि पुढचे काही दिवस दोन्ही गेले. शिंगांचं तर नावच नको. न्यूझीलंडमध्ये थार १९०४ साली नेऊन सोडलेला, तिथे तो उपद्रवी ठरतो. पण तोच आपल्या हिमालयातला थार, आणि इथे वन्यजीव कायद्याने संरक्षित. कस्टमवाल्याला हा इतिहास समजावत बसायची वेळ आणू नका.

मेहुण्याचे १६८ चे डबे वाया जात नाहीत. पहिले दोन दिवस वारा वाचायचा सराव त्यांच्यावरच करा, मग शिकारीच्या गोळीवर शून्य जुळवा आणि घरी परतेपर्यंत दुसऱ्या डब्याला हात लावू नका.