रझा साठ वर्षं फ्रान्समध्ये राहिले, मग ते भारतीय चित्रकार कसे?

मी गिरगावातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतो. रझांचा बिंदू, म्हणजे कॅनव्हासवरचा तो मोठा काळा गोल, दाखवला की मुलंही तुमच्यासारखंच विचारतात.

पासपोर्टचं उत्तर सोपं आहे: सय्यद हैदर रझांनी भारतीय नागरिकत्व कधीच सोडलं नाही. पण तुम्हाला चित्रांबद्दल विचारायचंय.

जन्म १९२२चा, मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात. वडील जंगलखात्यात. नागपूरला शिकून ते मुंबईत आले, छपाईचे ब्लॉक बनवणाऱ्या एका स्टुडिओत नोकरी करत जे. जे. कला महाविद्यालयात शिकले. त्या वेळची त्यांची जलरंगातली मुंबई जरूर बघा. पावसाने भिजलेले रस्ते आहेत, हात सफाईदार आहे, पण चित्रं पाण्यासारखीच वाहून जातात. १९४७मध्ये सूझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्याबरोबर त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक कलावंतांचा गट काढला. पुढच्याच वर्षी काश्मीरमध्ये फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ भेटले. चित्राची बांधणी कच्ची आहे, फ्रेंच चित्रकार सेझानचा अभ्यास करा, असं त्यांनी सुचवलं. माझ्या मते सगळं इथेच वळलं. १९५०मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर रझा पॅरिसला गेले ते बांधणी शिकायला. १९५६मध्ये तिथल्या समीक्षकांचा पुरस्कार त्यांना मिळाला. चित्रकार जानीन मोंजिला यांच्याशी लग्न केलं, दक्षिण फ्रान्समधल्या गोर्बिओ गावात घर केलं.

एवढं नाव झाल्यावरही सत्तरच्या दशकात त्यांना स्वतःच्या कामात काहीतरी उणं वाटू लागलं. ते भारतात पुन्हा पुन्हा येऊ लागले, अजिंठा-वेरूळ बघून गेले. लहानपणी त्यांचं चित्त थाऱ्यावर राहावं म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे बघत बसायला सांगितलं होतं. तो ठिपका कॅनव्हासवर बिंदू होऊन आला तेव्हा रझा साठीला टेकले होते.

घरची आठवण आली म्हणून बिंदू काढला, असं अनेकजण लिहितात. मला ते अपुरं वाटतं. आठवण तर प्रत्येक परदेशस्थाला येते. रझांचा काळा गोल चौकटीत ठामपणे उभा राहतो, कारण तीस वर्षं सेझानच्या वाटेने त्यांनी रंगांचं वजन तोलायला शिकून घेतलं होतं. विषय मंडल्याचा, पण हात पॅरिसने घडवलेला. ‘माँ’ (१९८१) या चित्रात त्यांनी देवनागरीत कवी अशोक वाजपेयींची हिंदी ओळ लिहिली आहे: परत येईन तेव्हा काय आणीन, असं मुलगा आईला विचारतो.

पत्नी गेल्यावर काही वर्षांनी रझा दिल्लीला कायमचे परतले. २०१६मध्ये ते गेले. मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन केलं.

एखादं मूळ चित्र समोर उभं राहून बघा. फोनवर तो काळा रंग नुसता सपाट दिसतो.