ऑक्टोपस आपल्याकडचा?

प्रश्न : नातवाच्या पुस्तकात ऑक्टोपसला 'अष्टपाद' म्हटलं आहे. दोन्ही शब्द इतके सारखे, की ग्रीकांनी तो संस्कृतातूनच उचलला असणार, असं मी त्याला ठासून सांगितलं. बरोबर ना? आणि अनेकवचन 'ऑक्टोपाय' करायचं का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ठासून सांगितलंत, तिथेच पंचाईत झाली. ग्रीकमध्ये 'ऑक्टो' म्हणजे आठ, 'पूस' म्हणजे पाय. विभक्ती लागली की 'पूस'चं 'पोद-' होतं, आणि मग त्यात आपला 'पाद' स्वच्छ ऐकू येतो. पण ही उसनवारी नव्हे. अष्ट-ऑक्टो, पाद-पोद ही एकाच इंडो-युरोपीय घराण्यातली चुलत भावंडं. जुन्या संस्कृतात 'अष्टापद' आहे खरा, पण अमरकोश उघडलात तर तिथे तो सोंगट्यांचा पट निघतो, शिवाय सोनं! समुद्राचा त्यात थेंबही नाही.

गंमत म्हणजे ॲरिस्टॉटल या प्राण्याला 'पोलिपूस' म्हणतो, म्हणजे बहुपाद. पाण्यात हात घातला की जवळ येतो, म्हणून त्याने बिचाऱ्याला मूर्खही ठरवलं आहे. (आजचे प्राणिशास्त्रज्ञ नेमकं उलट सांगतात.) त्या 'पोलिपूस'चेच वंशज स्पॅनिश 'पुल्पो' आणि इटालियन 'पोल्पो', नाक-कान-घशाचे डॉक्टर नाकात वाढलेला 'पॉलिप' दाखवतात, तोही त्याच कुळातला. प्राणिशास्त्रात 'ऑक्टोपस' हे प्रजातीचं नाव रुळलं ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिएमुळे.

आठाचा हिशोब मात्र चोख आहे. तुमच्या बाजारात माकूल (स्क्विड) मिळते, ती साफ करायच्या आधी नीट बघा : तोंडाभोवती आठ आखूड हात आणि त्यांतून बाहेर आलेल्या दोन लांब सोंडा. ऑक्टोपसला या दोन सोंडा नसतात. शास्त्रज्ञ त्या आठांना पाय न म्हणता हात म्हणतात, पण नाव बदलायला आता उशीर झाला.

राहिलं 'ऑक्टोपाय'. त्यातला 'पाय' आपला नव्हे. लॅटिन अनेकवचनाचा प्रत्यय ग्रीक शब्दाला चुकून चिकटवलेला आहे. इंग्रजीत लिहायचं तर सरळ 'ऑक्टोपसेस' लिहावं. मराठीत तेवढीही खटपट नको : एक दगड, चार दगड, एक ऑक्टोपस, चार ऑक्टोपस.