शाळेच्या मुलींच्या बास्केटबॉल संघात कुणाला कधी बदलायचं?

तुमचा प्रश्न असा आहे: ‘मी शाळेत पीटीचा शिक्षक आहे. यंदा १७ वर्षांखालच्या मुलींचा संघ माझ्याकडे आलाय. सामन्यात कुणाला कधी बाहेर काढायचं ते कळत नाही. चांगल्या पाचजणींनाच शेवटपर्यंत खेळवलं तर चालेल का?’

सर, तसा एखादा सामना निघेल, स्पर्धा निघणार नाही. मी पुण्यात कोथरूडकडच्या एका शाळेत अकरा वर्षं मुलींना बास्केटबॉल शिकवतेय. शालेय स्पर्धेत कधी कधी सकाळी एक आणि दुपारी दुसरा सामना येतो. सकाळी पूर्ण वेळ पळालेल्या पाचजणी दुपारी पहिल्याच सत्रात गुडघ्यांवर हात टेकून उभ्या राहतात, आणि बाकावरच्या मुलींनी तोवर सामन्यात चेंडूला हातही लावलेला नसतो. मग कुणाचा पाय मुरगळला की आपण तिथेच अडकतो.

मी आदल्या रात्री हिशेब मांडते. १० मिनिटांची ४ सत्रं आणि मैदानात पाचजणी, म्हणजे वाटायला २०० मिनिटं. पहिल्या पाचजणींना साधारण २८ मिनिटं धरली तर १४० होतात. उरलेली ६० मिनिटं मी चार-पाच जणींत वाटते. सामन्यात हे इकडेतिकडे होतंच, पण कागद हातात असला की आपण घाबरून आंधळे निर्णय घेत नाही. अमेरिकेतल्या हायस्कूलचे व्हिडिओ बघत असाल तर एक लक्षात ठेवा: तिकडे सत्र ८ मिनिटांचं असतं, त्यांचा हिशेब आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. आपल्याकडेही आयोजक कधी कधी वेळ कमी करतात, ते सामन्याआधी विचारून घ्या.

दमलेली मुलगी ‘मी दमले’ असं कधीच सांगत नाही. आपणच बघायचं असतं. तिचे शॉट पुढच्या रिंगला आपटून खाली पडायला लागतात, कारण पायातला जोर संपलेला असतो. बचावात ती सरळ ताठ उभी राहते, गुडघे वाकवत नाही. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे पाय हलवण्याऐवजी हात पुढे करून ती फाउल करते. ही खूण दिसली की मी पुढच्या शिट्टीची वाट बघते. चार-पाच मिनिटं सलग खेळवायचं, दोन-तीन मिनिटं बसवायचं, हे माझ्या मुलींना मानवतं. एक युक्ती सांगते: पॉइंट गार्डला, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणाऱ्या मुलीला, सत्र संपायला एक मिनिट असताना बाहेर घ्या. ते मिनिट आणि सत्रांमधली दोन मिनिटं धरून तिला तीन मिनिटं विश्रांती मिळते, आणि संघ तिच्याशिवाय फक्त एकच मिनिट खेळतो. पाचही जणी एकदम बदलू नका. चेंडू सांभाळणारी एक तरी जुनी मुलगी आत हवीच.

फाउलच्या बाबतीत सगळेजण एक ठरलेली गोष्ट सांगतात: पहिल्या सत्रात दोन फाउल झाले की हाफटाइमपर्यंत बसवा, चौथा झाला की शेवटच्या पाच मिनिटांसाठी राखून ठेवा. मला हे पूर्ण पटत नाही. पाचव्या फाउलला खेळाडू बाद होते, खरंय. पण त्या भीतीने आपणच तिला पंधरा मिनिटं बाकावर ठेवलं तर पंचांच्या आधी आपणच तिला बाद केलं, असं होतं. माझी उंच सेंटर (बास्केटजवळ खेळणारी) तीन फाउलवरही शांत खेळते, तिला मी ठेवते. दुसरी एक चिडली की लगोलग फाउल करते, तिला दुसऱ्या फाउललाच बाहेर घेते. शिवाय संघाचे फाउलही मोजा. एका सत्रात पाचव्या फाउलपासून समोरच्यांना दोन फ्री थ्रो (कुणी न अडवता मारायचे शॉट) मिळतात, तेव्हा हात टाकणारी मुलगी आत असणं महागात पडतं.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायची ती गोष्ट. चार वर्षांपूर्वी, पावसाळ्यातला सामना, सिमेंटचं कोर्ट, कडा अजून ओल्या. आमच्या नववीतल्या पॉइंट गार्डने आपल्याच बास्केटखाली समोरच्या मुलीच्या हातात सरळ पास दिला आणि बास्केट झाली. पुढच्या शिट्टीला मी तिला बाहेर घेतलं. खरं तर तिची सात मिनिटं सलग झाली होती, मी तिला काढणारच होते. पण हे तिला कुठून कळणार? ती बाकाच्या टोकाला जाऊन बसली आणि बुटाची लेस सोडत-बांधत राहिली. चौथ्या सत्रात परत पाठवलं, तर हातात आलेला प्रत्येक चेंडू चटका बसल्यासारखा दुसरीकडे टाकायला लागली. फ्री थ्रोच्या रेषेवर एकटी मोकळी उभी होती, तरी तिने बास्केटकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.

त्या दिवसापासून चूक झाल्याबरोबर मी कुणालाही काढत नाही. दोन-तीन खेळी जाऊ देते, तिने एखादा रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा चेंडू) घेतला, एखादा चांगला पास दिला की मग बोलावते. मारामारी, पंचांशी हुज्जत किंवा दुखापत, एवढेच अपवाद. बाहेर आलेली मुलगी आधी माझ्या शेजारी बसते. एक वाक्य मी बोलते, एक ती बोलते, मग पाणी. आत जाणारीला नुसतं ‘जा’ म्हणत नाही. ‘त्यांची सात नंबर फक्त उजवीकडून जाते, ती वाट बंद कर’, असं एकच काम देते. राखीव मुलगी घाबरते ती आपण आत कशासाठी जातोय हे माहीत नसल्यामुळे. इथे सगळ्यांना शिरीन लिमये व्हायचं असतं, पुण्याचीच मुलगी आणि भारताची कर्णधार राहिलेली, त्यामुळे बाकावर बसणं म्हणजे स्वप्न हुकलं असंच त्यांना वाटतं. हातात काम दिलं की ते जरा हलकं होतं.

बदलीचा सरावही घ्या. बदली मागायला मुलीने स्वतः गुणलेखकाच्या टेबलाकडे जाऊन हाताने खूण करायची असते, कोचने ओरडून चालत नाही. लाजऱ्या मुली तिथेच अडखळतात. आम्ही मैदानाच्या कडेला वर्गातलं एक डेस्क आणून ठेवतो आणि रोज दोनदा हे करून घेतो. साध्या बास्केटनंतर बदल मिळत नाही. चौथ्या सत्राच्या शेवटच्या दोन मिनिटांत मात्र ज्या संघावर बास्केट झाली त्याला तो मागता येतो. हे माहीत असलं तर मागे असताना शूटर आत घेता येते.

आणि सर, तुम्ही पुरुष शिक्षक आहात म्हणून मुद्दाम लिहिते. देशात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी आहेत, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातलं आहे. सातच्या शाळेला उपाशी निघालेली मुलगी दहाच्या सामन्यात तिसऱ्या मिनिटाला पांढरी पडते, त्याला कुणी आळस म्हणू नये. सामन्याआधी डबा खाल्ला का, हे प्रत्येकीला विचारा. पाळीचं त्या तुम्हाला सांगणार नाहीत, म्हणून शाळेतल्या एखाद्या मॅडमना बाकाजवळ बसवा. आमच्याकडे उजव्या मनगटाला बँड म्हणजे ‘आज मला कमी वेळ द्या’, कारण कुणी विचारायचं नाही. गुडघ्याच्या अस्थिबंधाची (लिगामेंटची) दुखापतही मुलींमध्ये मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते. उडी मारून खाली येताना जिचे गुडघे आत वळतात तिला दमलेली असताना आत ठेवू नका, मग स्कोअर काहीही असो.

पालक गेटवर गाठतील. ‘माझी मुलगी फक्त सहा मिनिटं का?’ मी सामन्यानंतर लगेच उत्तर देत नाही, दुसऱ्या दिवशी मुलीला समोर बसवून देते, कारण ते उत्तर तिलाही हवं असतं.

तुमच्या बाराजणींची नावं इथे टाकू नका. उंची, खेळायची जागा आणि कोण लवकर दमते एवढं लिहा. पहिल्या सामन्याचा २०० मिनिटांचा कागद आपण दोघं मिळून करू.