लुलूचा पट्ट्यांचा ड्रेस : वजन कमरेवर घे, बॉडीसवर नको

ऐरोलीहून विचारलंयस म्हणजे शेजारचीच की, मी ठाण्यात असते, आणि ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगंच करते. तू विचारलंस की फायनल फँटसी टेन या व्हिडिओ गेममधल्या लुलूचा ड्रेस कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स-गेमवाल्यांच्या मेळाव्याला, घालायचाय, तर तो सगळा वेल्वेटचा करू का आणि समोरच्या पट्ट्यांसाठी खरे बेल्ट विकत आणू का. दोन्ही नको.

नोमुरा तेत्सुयाने २००१ च्या त्या गेमसाठी जे डिझाईन केलं ना, ते मला आजही फार आवडतं, खांदे उघडे, गळ्याला फर, आणि स्कर्टचा समोरचा भाग म्हणजे नुसते पट्टेच पट्टे. पण गेममधल्या पट्ट्याला वजन नसतं. खऱ्या बेल्टांचं बक्कलासकट वजन जर बॉडीसला, म्हणजे ड्रेसच्या वरच्या घट्ट भागाला, लटकवलंस तर उघड्या खांद्याचा गळा तासाभरात खाली यायला लागतो आणि मग दिवसभर तो वर ओढण्यातच जातो. म्हणून पट्ट्यांचं पॅनल वेगळं कर, ते रुंद कॅनव्हासच्या कंबरपट्ट्यावर टांग, आणि तो पट्टा बॉडीसच्या आतून थेट तुझ्या कमरेवर घट्ट बसू दे. यासाठी साधा ड्रेस शिवणारा टेलर नको, लग्नाचे लेहेंगे शिवणारा गाठ, कारण जड घेर कमरेवर कसा पेलायचा आणि कॅनकॅन, म्हणजे घेर फुलवणारी आतली ताठ जाळी, कुठे लावायचं हे त्यांना रोजचं असतं. आणि त्यांच्यासमोर नुसता स्क्रीनशॉट धरू नकोस, आधी मांजरपाटाचा कच्चा बॉडीस शिवून, अंगावर टाचून, त्यावर पेनाने रेघा मारून तो दे, मग गोंधळ होत नाही.

आता पट्टे. रेक्झिन घे, सोफा नाहीतर सीटकव्हरवाल्याकडे उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. पट्ट्या कापल्यावर कडेला आतलं पांढरं कापड दिसतं आणि फोटोत तेच आधी डोळ्यात येतं, म्हणून प्रत्येक कडेवरून काळा परमनंट मार्कर फिरव, कंटाळवाणं काम आहे पण सोडू नकोस. रेक्झिनला टाचणी लावायची नाही, भोक कायमचं राहतं, ऑफिसचे क्लिप किंवा कपड्यांचे चिमटे लाव. इस्त्री अजिबात नाही. मशीनला लेदरची सुई, टाका मोठा, आणि प्रेसर फूट चिकटत असेल तर वर ट्रेसिंग पेपर ठेवून शिव, नंतर फाडून टाकता येतो.

पॅनलच्या पाठीमागे काळ्या ड्रिलच्या जाड कापडाचं अस्तर घे आणि पट्टे खालून वर लावत ये, कौलं घालतात तसं, म्हणजे वरचा खालच्यावर थोडा चढतो आणि मधे फट पडत नाही. दोन्ही टोकं पक्की शिव, मधे मात्र एखादाच टाका, बाकी मोकळं, नाहीतर समोर पुठ्ठा बांधल्यासारखं होईल आणि तुला धड बसताही येणार नाही. बक्कलं समोर दिसतील तेवढीच, प्लॅस्टिकची घेऊन सिल्व्हर रंग मार, दोन हातांवरून कोणालाही फरक कळत नाही. पॅनल कंबरपट्ट्याला मोठ्या हुकांनी अडकव म्हणजे गुंडाळून बॅगेत घालता येईल आणि तिथे पोचल्यावर लावशील, ऐरोलीहून ठाण्याला येऊन पुढची गाडी पकडायची तर अंगावर घालून चढणं शक्यच नाही गं.

वेल्वेट फक्त बॉडीसला. त्याची लव एका दिशेला असते, सगळे भाग एकाच दिशेने कापायचे, एखादा उलटा गेला की फ्लॅशमध्ये तो राखाडी दिसतो आणि बाकीचा काळा. त्यामुळे कापड थोडं जास्तच लागतं, दुकानात पन्हा विचारून मगच हिशोब कर. बाह्या आणि मागचा घेर क्रेपचा कर, आपल्याकडचा दमटपणा आणि हॉलमधली गर्दी यात पूर्ण वेल्वेटमध्ये उकडून जीव जातो. अस्तर कॉटनचंच, ब्लाउजचं टू बाय टू चालेल. बॉडीसला ताठपणा यायला आत जाड केबल टाय घाल, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, फक्त टोकं गोल कापून त्यावर टेप लाव नाहीतर बरगडीला टोचतात. फर टिचबटणांवर, धुताना काढता आली पाहिजे.

कापडासाठी उल्हासनगरचं गजानन मार्केट बघ, जवळही पडेल, लेसा वगैरे हव्या असतील तरच भुलेश्वरला जा.

आणि हे सगळं वेगवेगळ्या भागांत करायला सांगतेय त्याला अजून एक कारण आहे. गॉथ, म्हणजे काळे, गूढ धाटणीचे कपडे आवडतात म्हणालीस ना, मग हाच बॉडीस काळ्या साडीवर ब्लाउज म्हणून घाल, इतका सुंदर दिसतो! माझ्याकडे एक खणाचा कॉर्सेट आहे, खणाचा पन्हा छोटा असतो पण कॉर्सेटचे तुकडे अरुंदच, त्यामुळे छान बसतं, आणि काठ खालच्या टोकाला आणला की वेगळी लेस लागत नाही. गेमच्या बाहेरही अंगावर चढेल असं काहीतरी हातात राहिलं तर केलेला खर्च सत्कारणी लागतो असं मला मनापासून वाटतं.

शस्त्राची काळजी तुला नाहीच, लुलू बाहुली घेऊन लढते. मूगलची, म्हणजे त्या गेममधल्या छोट्या गुबगुबीत प्राण्याची, बाहुली फ्लीसची शिव, आत जुन्या उशीतलं फायबर भर, गेटवर तपासणीतही कोणी अडवणार नाही.

सुरुवात मांजरपाटापासून कर आणि त्याचा पुढून, मागून, बाजूने फोटो इथे टाक, मुंढा आणि गळा कुठे सैल करायचा ते बघून सांगते, वेल्वेटला कात्री त्यानंतरच लाव.