दहाव्या दिवशी सकाळी लाइनवर किती?

बाळा,

तुझा मेल वाचला, आपल्या हवाई दलाने कुठलं लढाऊ विमान घ्यावं ह्या प्रबंधासाठी केलेली तुलनेची शीटपण उघडून बघितली. एवढी मेहनत बघून बरं वाटलं आणि तेवढाच रागही आला, दोन्ही खरं सांगतो. वेग, रेंज, रडार किती लांबचं बघतं, मिसाइल किती लागतात, स्टेल्थ आहे की नाही, किंमत... सगळे कॉलम आहेत. एक सर म्हणतात पैसा कमी आहे तर स्वस्त घ्या आणि जास्त घ्या, दुसरे म्हणतात थोडीच घ्या पण एकदम टॉपची घ्या, आणि तू मधल्यामधे अडकून आता विचारतेस की काका विषयच बदलू का. विषय बदलायची काही गरज नाही. दोन्ही सर विमान विकत घ्यायच्या दिवसाबद्दल बोलतायत, आणि लढाई त्या दिवशी नसते.

तू एकच प्रश्न धर. लढाई सुरू होऊन नऊ दिवस झालेत, दहाव्या दिवशी सकाळी उजाडताना लाइनवर किती विमानं उडायला तयार उभी असतील? बाकी सगळे कॉलम ह्याच्यानंतर. तुझ्या एवढ्या मोठ्या शीटमधे सुट्या भागांचा कॉलम नाही, ओव्हरहॉल कुठे होतं त्याचा नाही, एका सॉर्टीनंतर (उड्डाणानंतर) परत तयार करायला किती माणसं आणि किती वेळ लागतो त्याचा नाही. गावाकडे माणूस ट्रॅक्टर घेतो तेव्हा आधी विचारतो मेकॅनिक कुठे बसतो आणि पार्ट तालुक्याला मिळतो का. तू डिफेन्स स्टडीजची मुलगी असून ते विचारलं नाहीस ह्याचा राग आला मला.

कॅगचा २०१५ चा सुखोईवरचा रिपोर्ट उघड. सुखोई-३० एमकेआय आपल्या हवाई दलाचा कणा, एकूण २७२ घेतली, २००२ मधे पहिली स्क्वाड्रन (सोळा-अठरा विमानांची तुकडी) आपल्या पुण्यात लोहगावला उभी राहिली आणि बहुतेक विमानं नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात बनली. रिपोर्टप्रमाणे तयार असायला हवी होती ७५ टक्के, प्रत्यक्षात होती ५५ ते ६० टक्के. आता नुसता हिशोब कर. साधारण २६० विमानं धर, ५५ टक्क्यांवरून ७५ वर नेलीस तर ५२ विमानं लाइनवर वाढतात, म्हणजे जवळजवळ तीन स्क्वाड्रन, आणि नवीन विमान एकही घेतलेलं नाही! आकडा जुना आहे, हिशोब जुना झालेला नाही. म्हणून राफेलच्या करारातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मिसाइलची नाही, ताफ्यातली ७५ टक्के विमानं कायम तयार ठेवायची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकून ते करारात लिहून घेतलं ती. टीव्हीवर त्याबद्दल कोणी पाच मिनिटं बोललं नाही.

बजेटचं पण नीट समजून घे. आपल्याकडे आकडा दरवर्षी वाढतोच, २०२५-२६ ला ६.८१ लाख कोटी होता, पण त्यातले १.६० लाख कोटी पेन्शनचे (माझीही त्यातच आली), मग पगार, मग चालू खर्च, आणि जीडीपीच्या मानाने बघितलं तर सगळं मिळून दोन टक्क्यांच्या आतच. नवीन विमान येतं कॅपिटलमधून, म्हणजे खरेदीच्या खात्यातून. रोजचं इंधन, रिपेअर, वर्षानुवर्षं लागणारे सुटे भाग जातात रेव्हेन्यूमधून, म्हणजे चालू खर्चाच्या खात्यातून. नवीन विमान उतरलं की वॉटर कॅनन, हार, फोटो, बातम्या. हायड्रॉलिक पंप आला म्हणून कोणी फोटो काढत नाही. त्यामुळे हात आखडता घ्यायची वेळ आली की पंप थांबतो. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही, जगात सगळीकडे होतं.

पंप थांबला की काय होतं ते तुला पुस्तकात मिळणार नाही म्हणून सांगतो. उत्तरेतला एक बेस, जानेवारी, विमानाचा पंप गेला, स्टोअरमधे नाही, डिमांड टाकलेली. शेजारी दुसरं विमान भलत्याच पार्टसाठी एओजी (पार्ट नाही म्हणून जमिनीवर) उभं आहे, मग त्याचा पंप काढायचा. आधी प्रेशर सोडायचं, पाइप उघडायचे, तोंडं लगेच बंद करायची, धुळीचा कण आत गेला तर पुढचा बिघाड तोच. सेफ्टी वायर कापायची, पंप काढायचा, इकडे बसवायचा, नवी वायर पिळायची, ग्राउंड रन घ्यायचा, टॉर्च लावून लीक बघायचं. वायरची टोकं बोटात घुसतात आणि थंडीत कळतही नाही, ओव्हरॉलवर रक्त दिसलं की कळतं. आणि नवा पंप आला की हेच सगळं परत त्या दुसऱ्या विमानावर करायचं. म्हणजे एका पार्टसाठी दुप्पट काम, आणि जे विमान फक्त एका पार्टसाठी थांबलं होतं ते आता दोन पार्टसाठी थांबलेलं. कागदावर स्क्वाड्रन मात्र पूर्णच दिसते.

बाहेरचं उदाहरण हवं तर ब्रिटनचं घे, मस्त अभ्यासासारखं आहे. ऑक्टोबर २०१० मधे त्यांनी खर्च कमी करायला जहाजावरूनही उडणारं हॅरियर हे लढाऊ विमान काढून टाकायचं ठरवलं, टोर्नेडो हे दुसरं ठेवलं. निर्णय अगदीच बिनबुडाचा नव्हता, टोर्नेडोला स्टॉर्म शॅडो हे लांब पल्ल्याचं मिसाइल लागायचं, अफगाणिस्तानचं काम चालू होतं, आणि एक अख्खा प्रकार काढला की त्याच्यामागची पूर्ण साखळी बंद होते, खरी बचत तिथेच असते. डिसेंबर २०१० ला हॅरियर थांबली आणि मार्च २०११ ला लिबियातली लढाई सुरू! पहिल्या रात्री टोर्नेडो इंग्लंडमधल्या मारहॅमवरून उडाली, हवेत इंधन घेत घेत, जाऊन येऊन सुमारे ३,००० मैल. त्याच वेळी लिबियासमोर अमेरिकन आणि इटालियन जहाजांवरून हॅरियर उडत होती. नंतर त्याच वर्षी ब्रिटनची ७२ हॅरियर अमेरिकन मरीननी घेतली, मुख्यतः सुट्या भागांसाठी. ज्यांना स्वतःची हॅरियर पुढे उडवायची होती त्यांना त्या पार्टची किंमत बरोबर कळत होती. आपणही जॅग्वारसाठी फ्रान्स आणि ओमानकडून त्यांची रिटायर झालेली विमानं आणली, मिराज २००० साठी पण तेच केलं. लोक हसले, भंगार आणलं म्हणाले. मला त्यात हसण्यासारखं काहीच दिसलं नाही, ती दहाव्या दिवसाची सोय होती.

आता तुझ्या शीटमधली अमेरिकेची एफ-३५ आणि रशियाची सू-५७. फेब्रुवारी २०२५ च्या एअरो इंडिया प्रदर्शनात दोन्ही बंगळुरूला आली तेव्हापासून सगळ्यांच्या डोक्यात तीच. अमेरिकेचीच ऑडिट संस्था आहे, गाओ, तिने २०२३ मधे लिहिलं की एफ-३५ मोहिमेला तयार असण्याचं प्रमाण सुमारे ५५ टक्के आहे. ज्यांनी बनवलं त्यांची ही गत, तर सात समुद्रापलीकडे पार्ट मागणाऱ्याची काय होईल? आणि मिग-२१ गेल्यावरही आपल्याकडे सुखोई, मिग-२९, मिराज, जॅग्वार, राफेल आणि तेजस असे सहा प्रकार आहेत. प्रत्येकाची हत्यारं वेगळी, टेस्ट बेंच वेगळे, ट्रेनिंग वेगळं, स्टोअरमधले नंबर वेगळे. सातवा प्रकार आणायचा तर विमानाच्या किमतीत ही अख्खी साखळी धरायची. धरलीस? नाही ना. मग दोन्ही सरांची भांडणं ऐकून काय उपयोग!

तू म्हणशील काका, लढाई बदलली, आता ड्रोनचा जमाना. बदललीच आहे, आणि त्याने माझंच म्हणणं पक्कं होतं. सप्टेंबर २०२५ ला पोलंडच्या हद्दीत रशियाची ड्रोन घुसली, त्यातली बरीचशी प्लायवूड आणि फोमची, आणि ती पाडायला नेदरलँड्सची एफ-३५ उडाली. एक रात्र ठीक आहे. रोज रात्री तेच झालं तर? विमानाचे तास संपतात, मिसाइल संपतात, माणसं थकतात. युक्रेनने याक-५२ सारखं पंख्याचं जुनं ट्रेनर विमान ड्रोनच्या मागे पाठवलं, मागच्या सीटवर बंदूक घेऊन माणूस. अमेरिकन एफ-१६ नी लाखो डॉलरचं मिसाइल वाचवायला लेझर गाइडेड रॉकेट लावली. समोरच्याचं स्वस्तातलं ड्रोन दहाव्या दिवशीही येणारच आहे, तुमच्याकडे दहाव्या दिवशी काय शिल्लक आहे ते सांगा, बस.

कारगिलही ह्याच नजरेने वाच. मिराज आपण घेतलं ते पाकिस्तानच्या एफ-१६ ला उत्तर म्हणून, आणि १९९९ मधे त्याला सोळा-अठरा हजार फुटांवरचे बंकर आणि तंबू शोधायला लागले. २७ मेला एक मिग-२१ आणि एक मिग-२७ गेलं, दुसऱ्या दिवशी एमआय-१७ हेलिकॉप्टर. मग मिराजवर लायटनिंग पॉड (लक्ष्य शोधून त्यावर लेझर धरणारं यंत्र) आणि लेझर बॉम्ब बसवून घेतले, बाकी जे हाताशी होते ते बॉम्बही जुळवून घेतले, आणि जूनमधे मुंथो ढालोच्या शत्रूच्या रसद तळावर आणि टायगर हिलवर हल्ले झाले. हे जमलं कारण हात लावायची मुभा होती आणि हात लावणारी माणसं आपली होती. म्हणून शीटमधे हापण कॉलम टाक की विमानात बदल करायचा झाला तर कोणाला विचारावं लागतं. सोर्स कोड (विमानाच्या सॉफ्टवेअरचा मूळ कोड) कोणाकडे आहे, नवीन मिसाइल आपलं आपण बसवू शकतो का.

ह्याच कारणासाठी मी आपल्या देशी तेजसच्या बाजूचा माणूस आहे, पण डोळे मिटून नाही. २०२१ मधे तेजसच्या नव्या मार्क-१ए प्रकारच्या ८३ विमानांची ऑर्डर गेली आणि अमेरिकेतून पहिलं इंजिन हातात पडायला मार्च २०२५ उजाडलं. सांगाडे तयार आणि इंजिनाची वाट. १७ ऑक्टोबर २०२५ ला नाशिकच्या लाइनवरचं पहिलं मार्क-१ए उडालं तेव्हा मी गच्चीवर उभा होतो, दिसलं काहीच नाही पण उभा होतो. छाती भरून आली हे खरं, तरी प्रश्न तोच विचारणार. इंजिन दुसऱ्याचं असेल तर दहावी सकाळ अर्धी त्याच्या हातात.

मला लोक हट्टी म्हणतात, तुझ्या वडिलांनीपण सांगितलं असेल. एका पाहणीच्या आधी मला सांगण्यात आलं की अमुक विमान लाइनवर तयार दाखवायचंय, फॉर्म ७०० वर (विमान उडायला तयार असल्याच्या नोंदवहीत) सही कर. त्याचा एक स्नॅग (नोंदलेला बिघाड) बंद झालेला नव्हता. विमान उडणार नव्हतं, फक्त उभं राहणार होतं, कोणाचा जीव जाणार नव्हता, सगळं मला समजावलं गेलं. मी सही केली नाही. त्या वर्षीचा माझ्या कामाचा रिपोर्ट कसा गेला असेल ते तू समज, आणि पुढचं पोस्टिंग आलं ते मुलाच्या दहावीच्या ऐन मधे. त्याचं ते वर्ष मला घरी राहून बघता आलं नाही ह्याची रुखरुख अजून आहे, बायकोने एकटीने सगळं ओढलं. सहीबद्दल मात्र आजही सांगतो, परत तेच करीन. कारण अशी खोटी सही एकदा आकड्यात शिरली की वर बसलेला माणूस त्याच आकड्यावर युद्धाचा प्लॅन करतो. त्याला वाटतं सोळा आहेत, असतात नऊ. तू उद्या अशाच एखाद्या टेबलावर बसशील, म्हणून तुझ्यावर एवढा ओरडतोय.

आता कामाचं. सरांना सांग की किमतीची तुलना एका विमानामागे करणार नाही, तयार विमानामागे करीन आणि तीस वर्षांची करीन. कॅगचे रिपोर्ट आणि संसदेच्या संरक्षण समितीचे रिपोर्ट सगळे उघडे आहेत, फुकट आहेत, आधी ते वाच, यूट्यूब नंतर. मिग-२१ ची सगळी कारकीर्द, १९६३ पासून २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निरोप दिला तोपर्यंत, एक वेगळं प्रकरण म्हणून लिही, कारण एवढी वर्षं ते का उडत राहिलं ह्याचं मोठं कारण ओझर आहे, घरचा कारखाना आहे. नाशिकमधे ओझरला काम केलेली रिटायर माणसं प्रत्येक कॉलनीत सापडतील, मी दोघातिघांशी बोलून ठेवतो, ती जुन्या कामाबद्दल भरभरून बोलतील. चालू बेसवरचे आकडे मात्र कोणाकडेही मागायचे नाहीत, माझ्याकडेसुद्धा नाही. छापून आलेलं तुझ्या प्रबंधाला पुरून उरेल.

काका