मेथी टाकण्याआधी स्वयंपाकघरात जाऊन या

सांगलीत विश्रामबागेतल्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत भाजी लावून ती अन्नछत्राला द्यायची आहे, कसलं कसलं बी आणू, असं तुम्ही विचारलंय. वाचलं आणि आमची पहिली बाग डोळ्यांसमोर आली. बी आत्ताच आणू नका.

वाफे, शेणखत तुम्हाला कळतंच, त्यात जात नाही. आम्ही दहा-बारा जणांनी हौसेनं एकाच रविवारी सगळ्या वाफ्यांत मेथी टाकली. महिन्याभरात एकदम काढायला आली. शनिवारी संध्याकाळी उपटली, ओल्या पोत्यांत भरली आणि मिरजेत पेशंटच्या नातेवाइकांना जेवण देतात तिथं नेली. तिथल्या मावशींनी एक जुडी उचलून मुळाची माती झटकली. म्हणाल्या, "ताई, भाजी झ्याक हाय, पण निवडायला माणसं कुठनं आणू? आम्ही तिघीच हाय." त्यात दुसऱ्या दिवशी रविवार, स्वयंपाक बंद. सोमवारी पोतं उघडलं तर मधल्या जुड्या हाताला गरम, पानं पिवळी, चिकट. निम्म्याहून जास्त भाजी म्हशींपुढं टाकली. आधी जाऊन पाच मिनिटं विचारलं असतं तर हे टळलं असतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

त्यांना हवं होतं ते भराभर चिरता येणारं: दुधी, वांगी, दोडका. माझ्या मते लाल भोपळ्यासारखं दुसरं काही नाही. पूर्ण पिकवून देठासकट काढला तर सावलीत दोन-तीन महिने टिकतो. पालेभाजी लावायचीच असेल तर आठ-आठ दिवसांनी एकेक वाफा टाका, आणि निवडूनच द्या.

बोअरचं पाणी आणि माती तपासून घ्या. मी काही शेतीतज्ज्ञ नाही, पण आपल्या कृष्णाकाठी उसाला पाणी पाजून पाजून किती जमीन क्षारपड झालीय, म्हणजे मिठानं खराब झालीय, ते बघतोच आपण. अशा मातीत घेवडा टिकत नाही. पालक, बीट तग धरतात. आणि कृपा करून औषध फवारू नका. फवारलंच, तर डब्यावर लिहिलेले दिवस पुरे झाल्याशिवाय एक वांगंही तोडू नका.

कॉलनीनं जागा नाहीच दिली तरी थांबू नका. अमेरिकेत बागकामावर लिहिणाऱ्यांच्या संघटनेनं १९९५ साली मोहीम काढली होती: आपल्याच परसात एक ओळ जास्तीची लावायची आणि ती फूड बँकेला, म्हणजे गरजूंना अन्न वाटणाऱ्या संस्थेला, द्यायची. कुंपणावर भोपळ्याचे दोन वेल चढवायला कुणाची परवानगी लागत नाही. बी माझ्याकडं आहे, मिरजेला आलात की घेऊन जा.