वडोदऱ्यात राहून इंग्लंडमध्ये लिमिटेड कंपनी काढायची तर आधी काय करावं?

तुमचं तीन जणांचं सॉफ्टवेअरचं काम वडोदऱ्यातून चालतं, लंडनचा ग्राहक तिथलीच कंपनी मागतो आणि तिकडे एका दिवसात नोंदणी होते असं ऐकलंय. म्हणून आजच अर्ज टाकू का, असं विचारलंत.

आज नको. कंपनीज हाऊसचा, म्हणजे तिथल्या कंपनी नोंदणी कार्यालयाचा, अर्ज खरंच सोपा आहे. संचालकाने तिथे राहायची अट नाही. फक्त ओळख पडताळणी (१८ नोव्हेंबर २०२५ पासून सक्तीची) आणि तिथला खरा पत्ता लागतो, पोस्ट बॉक्स चालत नाही. माणसं अडकतात ती इथे, भारतातल्या बँकेत.

त्या कंपनीचा एक पौंडाचा शेअर तुमच्या नावावर आला, तरी फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली ती परदेशातली थेट गुंतवणूक, म्हणजे ओडीआय. ऑगस्ट २०२२ च्या नियमांत ‘एवढी छोटी रक्कम चालते’ अशी सूट नाही. पैसे पाठवण्याआधी किंवा शेअर घेण्याआधी, जे आधी असेल त्याआधी, बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून यूआयएन हा त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक घ्यायचा. बहुतेक जण उलटं करतात: आधी कंपनी, मग पैसे पाठवताना बँकेचा प्रश्न, मग उशिराची फी. तिची सुरुवातच ७,५०० रुपयांपासून होते.

दांडिया बाजारातल्या ज्या शाखेत तुमचं खातं असेल, तिथे ओडीआयची फाइल कोणी पाहिलेली असेलच असं नाही. मॅनेजरला सरळ विचारा, परकीय चलनाचं काम कोणती शाखा करते. आणि काउंटरवर ‘कुटुंबाचा खर्च म्हणून पाठवून टाकू’ असा सल्ला मिळाला तर ऐकू नका. पैसे कशासाठी पाठवले हे सांगणारा उद्देशाचा कोड चुकला की पुढची सगळी कागदपत्रं जुळेनाशी होतात. लंडनच्या मित्राने शेअरचे पैसे भरले, आपण नंतर देऊ, हेही नको.

पैसे पाठवायची मर्यादा एलआरएसची (व्यक्तीने परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना), आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर. वर्षात १० लाख रुपयांच्या वर गेलात की वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापते. ३० लाख पाठवले तर ४ लाख अडकले. रिटर्नमध्ये ते वळते होतात, पण तोवर हातातून गेलेले असतात. शिवाय व्यक्ती म्हणून गुंतवणूक करताना वित्तीय सेवेची कंपनी चालत नाही, आणि ताबा तुमचा असेल तर तिच्याखाली दुसरी कंपनीही काढता येत नाही.

यातला सगळ्यात महाग मुद्दा मात्र कोणी सांगत नाही. दर वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत बँकेमार्फत एपीआर हा त्या कंपनीच्या कामगिरीचा अहवाल द्यावा लागतो. छोट्या कंपनीला इंग्लंडमध्ये ऑडिटची सक्ती नसते, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण कंपनीचा ताबा तुमच्याकडे असेल तर आपल्या नियमाला ऑडिट केलेलेच हिशेब लागतात. म्हणजे तिकडे न लागणाऱ्या ऑडिटचा खर्च दर वर्षी इथल्यासाठी करायचा. हा आकडा लंडनच्या अकाउंटंटकडून आधी मागवा, मगच पुढे जा.

तिकडचे पहिले हिशेब नोंदणीपासून २१ महिन्यांत द्यायचे. उशीर झाला तर किमान १५० पौंड दंड, कंपनीने काही व्यवहार केला नसला तरी. आपल्या आयकर रिटर्नमध्ये शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) भरायचं, तेही कॅलेंडर वर्षाप्रमाणे. त्यामुळे आयटीआर-१ आणि ४ हे रिटर्नचे सोपे फॉर्म तुमच्यासाठी बाद. स्थावर सोडून परदेशी मालमत्ता २० लाखांवर असेल आणि दाखवली नाही, तर १० लाखांचा दंड होऊ शकतो.

कंपनी काढल्याने व्हिसा मिळत नाही. बैठकीला जाता येईल, तिथे बसून त्या कंपनीचं काम करता येणार नाही. आणि काम तर वडोदऱ्यातच होणार, म्हणजे त्या कामाच्या मोबदल्यावर कर इथेच.

म्हणून माझं मत असं, की ग्राहकाला आधी एवढंच विचारा: भारतीय कंपनीशी करार करायला अडचण नेमकी कोणती? व्हॅटची असेल तर व्यावसायिक ग्राहक रिव्हर्स चार्जने तो स्वतःच हिशेबात धरतो. तुम्ही जीएसटीत एलयूटी हे निर्यातीचं हमीपत्र भरून कर न लावता बिल द्या. त्यांच्या खरेदी विभागाने देशातलाच पुरवठादार हवा असं लेखी कळवलं, तर मग बँकेत जा.